दाढ भाजायची रजा

माझ्या डाव्या बाजूची खालची एक दाढ नाही. ती पडली नाही की किडली नाही. चांगली धडधाकट होती आणि मी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन ती काढून घेतली. दाताच्या डॉक्टरांना हे सांगितलं की ते माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात, म्हणून आता सांगणंच सोडलंय. विचारलंच तर म्हणते, लहानपणी गेली. खरं तर तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, महाडच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

हे कळायचं तर आमच्याकडची दुसरी दाढ आधी सांगायला हवी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, जिथं आमची बौद्धवाडी आहे, तिथं भाताचं बी ज्या तुकड्यात पेरायचं तो तुकडा पावसाआधी भाजून काढतात. त्या तुकड्याला दाढ म्हणतात. खाली शेणाचा थर, त्यावर ऐनाचे वाळलेले टहाळ, त्यावर पातेरा, म्हणजे वाळका पाचोळा, आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती पसरायची. मातीमुळे आग भडकत नाही, आतल्या आत धुमसत पुढं सरकते. तणाचं बी मरतं, माती मऊ होते आणि जूनमध्ये रोप तरारून वर येतं. दाढ नीट भाजली नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही, आणि लावणी नाही तर वर्षभर काय खायचं याला उत्तर नाही. खाली महाडकडे काही जण याला राब म्हणतात. आमच्याकडे दाढच.

दाढ एकट्यानं भाजायची नसते. एक माणूस वरच्या बांधाकडून पेटवत खाली येतो आणि दुसरा हिरवा टहाळा हातात धरून कडेला उभा राहतो, ठिणगी गवतात गेली की झोडून विझवायला. म्हणून वाडीतल्या सगळ्या दाढा एकाच दिवशी भाजायच्या. समाजमंदिराच्या ओट्यावर माणसं बसायची, वार ठरायचा, कुणाच्या दाढेवर कोण उभं राहणार ते ठरायचं. ज्या घरात माणूस कमी, त्या घराला शेजारचा माणूस मिळायचा. सगळं तोंडी, पण त्यात कुणी चुकत नसे. निदान मी चुकेपर्यंत तरी कुणी चुकलेलं मला माहीत नाही.

त्या वर्षी बाबा टहाळ तोडायला ऐनावर चढले आणि फांदीसकट खाली आले. मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कांबट्या बांधून दिल्या आणि पाय जमिनीला लावलात तर जन्माचे लंगडे व्हाल म्हणून बजावलं. घरात मग आई उरली. मी एकुलती एक, आणि मी महाडला मावशीच्या खोलीवर राहून शिकत होते. शेण, टहाळ, पातेरा, सगळं आईनं एकटीनं डोक्यावरून वाहिलं आणि दाढ रचली. मी रविवारी गाडीनं घरी जायचे, तिच्याबरोबर चार भारे आणायचे आणि सोमवारी सकाळी परत कॉलेजात हजर. हात ओरबाडलेले असायचे. ते मी वर्गात वहीखाली झाकून ठेवायचे.

कुणापासून झाकायचे, तर मॅडमपासून. आमच्या मराठीच्या मॅडम पुण्याच्या. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून त्या महाडला आल्या आणि कॉलेजात लागल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलणं इतकं स्वच्छ की एकेक अक्षर वेगळं ऐकू यायचं. आम्ही सगळी खेड्यापाड्यांतली पोरं, आमच्या नाय आणि हायनं त्या अगदी जेरीला आल्या होत्या. "नाय नाही, नाही," असं त्या म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, या तीन वेळा नकार कशाला देतायत.

पण माझ्यावर त्यांचा फार जीव होता. माझे निबंध वर्गात वाचून दाखवायच्या. घरची पुस्तकं द्यायच्या. एम.ए. कर, पुण्यात राहायची सोय मी बघते, असं त्या एकदा म्हणाल्या, तर त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही. त्यांच्यासाठी मी माझी जीभ घासूनपुसून लख्ख केली होती. वाडीत नाय म्हणायचं आणि गाडी महाडच्या स्टँडात शिरली की नाही म्हणायला लागायचं, हा माझा नेमच झाला होता. कधी गडबडीत घरी नाही म्हणून गेले की बाबा खाटेवरून म्हणायचे, आली पुन्याची पाव्हनी. आईला मात्र ते आवडायचं. शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं ती मला पुन्हा बोलायला लावायची.

शुक्रवारी सकाळी वाडीतला एक जण, जो महाडला रस्त्याच्या कामावर जायचा, मावशीच्या खोलीवर येऊन निरोप देऊन गेला. सोमवारी दाढा भाजायच्या ठरल्या होत्या. शेजारची काकी आमच्या दाढेवर उभं राहायला माणूस देत होती, पण आईनं ओट्यावर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, माझी लेक येतेय, मला कुणाचं माणूस नको. रविवारी ये, नाहीच जमलं तर सोमवारी दुपारी पोचणारी गाडी तरी चुकवू नको, असा निरोप होता. मावशी आदल्याच दिवशी तिच्या सासरी गेली होती. तिच्याही घरची दाढच होती.

सोमवारी आणि मंगळवारी कॉलेजात चाचणी परीक्षा होती. रजेचा अर्ज द्यायला हवा होता. आता, दाढा भाजायच्या दिवसांत वर्गातली निम्मी मुलं घरी जायची, पण त्यातल्या एकानंही अर्जात खरं कारण कधी लिहिलं नव्हतं. कुणाच्या बहिणीचं लग्न निघायचं. कुणाची आजी अत्यवस्थ व्हायची. एका मुलाची आजी तर दर वर्षी परीक्षेच्या तोंडावर अत्यवस्थ व्हायची आणि भात पेरून झालं की उठून बसायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पण मी पडले मॅडमची लाडकी. त्यांच्यापुढं खोटं लिहायचं मला जिवावर आलं.

मी कोरा फुलस्केप घेतला, समास आखला आणि लिहिलं, की घरची दाढ भाजायची असल्यामुळे मला सोमवार व मंगळवार अशी दोन दिवसांची रजा मिळावी, ही नम्र विनंती. ऱ्हस्वदीर्घ दोनदा तपासले. त्या अर्जात एकही चूक नव्हती.

मॅडमनी तो तासाच्या सुरुवातीला वाचला आणि त्यांना हसू आलं. कुचेष्टेचं नव्हे. आपल्या आवडत्या मुलीनं काहीतरी गमतीदार लिहिलं की येतं तसं. त्यांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, दाढ भाजत नाहीत. दाढ काढतात."

वर्ग खो-खो हसला. मी मागं वळून बघितलं. ज्यांच्या घरी त्याच आठवड्यात दाढा भाजायच्या होत्या ती मुलं हसत होती. माझ्या बाकावर पाचाडकडची एक मुलगी बसायची, चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याची. तिच्या नखांत अजून काळी राख होती, कारण ती आदल्याच रविवारी दाढ भाजून आली होती. तीही तोंडावर हात ठेवून हसत होती. पुढं मी तिला त्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, मी काय बोलणार बाई, सगळे माझ्याकडे बघायला लागले असते. राग करावा असं तिच्या बोलण्यात काही नव्हतं, तरी मी तिच्याशी वर्षभर धड बोलले नाही.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मॅडम, आमच्याकडे दाढ म्हणजे भाताच्या रोपांची जागा. एवढंच. पण आमच्याकडे हा शब्दच घशातून बाहेर येईना. आमच्याकडे म्हटलं की शेण आलं, ऐनावरून पडलेले बाबा आले, डोक्यावर भारे वाहणारी आई आली, वाडी आली. आणि वाडी म्हटलं की कुठली वाडी, हेही आलं. वर्गात ते कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण ते माझ्या तोंडून, मॅडमच्या समोर, त्या हसण्यातून वाट काढत बाहेर यायला हवं होतं. मी नुसती उभी राहिले.

मॅडमचं हसू एकदम मावळलं. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "फार दुखतेय का गं?"

मी डाव्या गालावर हात ठेवला आणि म्हटलं, "हो, मॅडम."

इथंच ते संपायला हवं होतं. दोन दिवसांची रजा मिळाली असती, मी घरी गेले असते. पण मॅडम काही नुसत्या सहीवर सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. खेड्यात कोण दाताचा डॉक्टर असणार, तिथं जाऊन तू बिब्बा नाहीतर लवंग लावून बसशील, असं म्हणून शनिवारी कॉलेज सुटल्यावर त्या स्वतः मला बाजारपेठेतल्या दवाखान्यात घेऊन निघाल्या. वाटेत मी तीन वेळा सांगायचं ठरवलं. पहिल्यांदा कॉलेजच्या फाटकात. दुसऱ्यांदा भाजीवाल्यांपाशी, तेव्हा त्या माझ्यासाठी मोसंबी घ्यायला थांबल्या होत्या. तिसऱ्यांदा दवाखान्याच्या पायरीवर. मोसंबी घेतल्यावर तर बोलणं आणखीच अवघड झालं. मग मी मनाशी म्हटलं, डॉक्टर बघतीलच की. काही झालेलं नाही असं तेच सांगतील आणि सुटका होईल.

डॉक्टर वयस्कर होते आणि बाहेर बाकावर पाच-सहा जण गाल धरून बसले होते. कुठली, त्यांनी विचारलं. मी बोटाला लागली ती दाखवली. त्यांनी लोखंडी दांडीनं तिच्यावर टकटक केलं आणि दुखतं का म्हणून विचारलं. दातावर कुणी लोखंड आपटलं तर काय होणार? मी कळवळले. त्यांनी वाकून बघितलं, थोडी काळी दिसतेय म्हणाले, आणि ठेवून उपयोग नाही, पुढं त्रास देईल, असं मॅडमना सांगितलं. मॅडमनी माझा हात हातात घेतला. तो ओरबाडलेला हात त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितला असावा, कारण त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, पण विचारलं काही नाही.

दाढ भक्कम होती. डॉक्टरांना घाम फुटला. शेवटी ती निघाली तेव्हा त्यांनी चिमट्यात धरून उजेडात बघितली आणि मूळ तर चांगलंय की, असं स्वतःशीच पुटपुटले. मग ती बादलीत टाकली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

रात्रीत गाल एवढा सुजला की रविवारी डावा डोळा उघडेना. अंगात ताप. मावशीच्या खोलीत मी एकटीच आहे असं कळल्यावर मॅडम रिक्षा... नाही, रिक्षा तेव्हा महाडात कुठल्या, मॅडम चालत आल्या आणि मला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेल्या. आतल्या खोलीत स्वतःच्या पलंगावर निजवलं. स्वतःच्या हातानं मऊ भात कालवून, त्यावर तूप घालून चमच्यानं भरवला. आमच्या सात पिढ्यांत अशा घराच्या आतल्या खोलीपर्यंत कुणी गेलं नव्हतं. माझा आजा असल्या घरांच्या मागच्या अंगणात लाकडं फोडायचा आणि पाणी त्याला वरून ओतलेलं मिळायचं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आणि मला त्या बाई ताटातलं भरवत होत्या. मी कोण आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं आणि त्यांच्या मनात त्याचा लवलेशही नव्हता. त्या भातावर मी कसं म्हणणार होते, की मॅडम, हे सगळं खोट्यावर चाललंय?

सोमवारी सकाळी मी म्हटलं, की मला गावाला जायचंय, घरी आई वाट बघत असेल. शब्द सुजलेल्या तोंडातून चेंगरून बाहेर आले. मॅडमनी आरसा आणून माझ्यासमोर धरला आणि या अवतारात तुला पाठवलं तर तुझी आई मला काय म्हणेल, असं विचारलं. परीक्षेचं मी बघते, तू नीज. मी निजले. त्यांचं घर स्टँडाच्या मागच्या आळीत होतं. आमची गाडी लागली, कंडक्टरनं घंटी दिली, गाडी मागं घेताना तो गाडीच्या पत्र्यावर हातानं थाप मारत होता, सगळं मला पलंगावरून ऐकू येत होतं. अजूनही उठता आलं असतं. ताप उतरला होता.

खरं सांगायचं तर मला तिथं बरं वाटत होतं. हे मी फार वर्षांनी कबूल करते आहे. पांढरी स्वच्छ चादर होती, उशाशी पुस्तक होतं, आणि त्या घरात कुणीही नाय म्हणत नव्हतं.

बुधवारी मी घरी गेले. फाट्यावर उतरले तर शेजारची काकी कपड्यांचं बोचकं घेऊन ओढ्याकडे निघाली होती. माझा सुजलेला गाल बघून ती थबकली, मग काही न विचारता माझ्याबरोबर मागं वळली आणि चालता चालता तिनं मला सगळं सांगितलं.

सोमवारी आई दुपारी फाट्यावर येऊन उभी राहिली होती. गाडी आली, माणसं उतरली, गाडी पुढं गेली. आई तिथंच थांबली, गाडीच्या मागच्या बाजूनं कुणी उतरलंय का म्हणून. परत आली तोवर सगळ्यांच्या दाढांतून धूर निघायला लागला होता. काकी म्हणाली, थांब, आमची झाली की माझा एक माणूस देते. पण आभाळ भरून आलं होतं. पाऊस पडला असता तर रचलेली दाढ भिजून गेली असती आणि महिनाभराचं काम फुकट. आईनं एकटीनंच पेटवली. अर्धी उतरून आली तेव्हा वारा फिरला आणि ठिणगी वरच्या गवतात गेली. गवताच्या पलीकडे काकीची पेंढ्याची उडवी. कडेनं वळसा घालून जायला वेळ नव्हता. मधून जायचं तर भाजून झालेली दाढ होती. वरून ती विझलेली दिसते, नुसती राख. आत शेणाचा विस्तव तसाच असतो, दुसऱ्या दिवसापर्यंत. आईला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ती अनवाणीच त्यातून धावत गेली आणि टहाळ्यानं झोडून गवत विझवलं. उडवी वाचली. आईचा उजवा पाय चटक्यांवर निभावला, पण डावा तळवा टाचेपासून बोटांपर्यंत भाजला होता.

घरी आई खांबाला टेकून बसली होती. पाय लांब करून त्यावर केळीचं पान बांधलं होतं. मी दारातच उभी राहिले. तिनं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि घाबरून म्हणाली, "गो, काय झालं तुला?"

मी सगळं सांगितलं. अर्ज, वर्ग, मॅडम, डॉक्टर, मऊ भात, काही लपवलं नाही. बाबा खाटेवरून ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "येवडं शिकलीस, आन येक शब्द सांगता आला नाय?" मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. आईनं मला जवळ बसवलं, आ कर म्हणाली, उजेडाकडे माझं तोंड वळवून आत बघितलं. मोठी होती गो, एवढंच म्हणाली. मग पायावरचं पान सारखं करता करता तिनं विचारलं, "लाज वाटली काय गो आमची?"

मी म्हटलं, "नाय."

त्या दिवसात मी तिच्याशी बोललेलं तेवढंच एक खोटं होतं आणि ते मी तिच्या भाषेत बोलले होते.

सोमवारी रात्रीच वळीव पडला होता आणि न भाजलेली अर्धी दाढ भिजून चिखल झाली होती. जूनमध्ये अर्ध्या तुकड्यात रोप आलं, अर्ध्यात तणच माजलं. वाडीतले लोक सावडीला आले, म्हणजे एकमेकांच्या शेतात हात लावायला, ते काही चुकलं नाही. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. आईचा तळवा चिखलात टेकवायच्या लायकीचा नव्हता, म्हणून ती बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधायची आणि मी लावायचे. रोप संपलं तेव्हा खालची दोन खाचरं तशीच उरली. त्यांत पाणी भरलं होतं, चिखल केलेला होता, लावायला काही नव्हतं. बाबा काठी टेकत पहिल्यांदा शेतावर आले ते नेमके त्या दिवशी. दोन्ही खाचरांच्या बांधावरून फिरून ते घरी गेले. त्या वर्षी होळीच्या आधीच भात संपलं आणि आम्ही नाचणीवर दिवस काढले.

पण मला जे लागलं ते वेगळंच. पुढच्या वर्षी ओट्यावर माणसं बसली आणि कुणाच्या दाढेवर कोण, हे ठरायला लागलं. मी त्या वेळी मुद्दाम घरी आले होते, आईच्या शेजारीच बसले होते. आमच्या घराचं नाव निघालं तेव्हा काकी म्हणाली, माझा माणूस देते. आईनं होकाराची मान हलवली. मी इथं आहे, असं मी म्हणेपर्यंत पुढचं घर निघालं होतं. माझी लेक येतेय, हे आई त्यानंतर कधीही कुणाला म्हणाली नाही. मी दर वर्षी गेले, कडेला टहाळा घेऊन उभी राहिले, पण काकीचा माणूसही शेजारी उभा असायचाच.

मॅडमना मी काही सांगितलं नाही. वर्षभरानं त्या पुण्याला परत गेल्या. त्यांच्यामुळेच मी एम.ए. झाले, हे मी कुणापुढंही सांगेन. दोनदा पत्र लिहायला घेतलं. समास आखून बसले की पहिल्याच ओळीला हात थांबायचा.

त्यानंतर सात-आठ वर्षं गेली असतील. महाडजवळ औद्योगिक वसाहत उभी राहत होती, वाडीतले दोन-तीन जण तिथं पाळीवर जायला लागले होते. मी पोलादपूरला हायस्कुलात मराठी शिकवत होते आणि दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. बाबा वाडी सोडायला तयार नव्हते. आई मात्र अधूनमधून येऊन राहायची. अशीच ती आली असताना मॅडम कॉलेजच्या समारंभाला महाडला आल्या आणि तिथून मुद्दाम वाट वाकडी करून माझ्याकडे आल्या. केस पिकले होते, बोलणं तेच.

आई त्यांच्यासमोर खुर्चीवर बसेना, मॅडमही ऐकेनात. शेवटी दोघी चटईवर बसल्या. चहा झाला आणि मॅडमना जुनं सगळं आठवायला लागलं. तुमची लेक म्हणजे माझी सगळ्यात गुणी मुलगी, असं त्या आईला सांगत होत्या. आणि मग म्हणाल्या, एक गंमत सांगते तुम्हाला. त्यांनी अर्जातलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. इतक्या वर्षांनी त्यांना ते पाठ होतं. दाढ भाजायची असल्यामुळे. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, मग हसू आवरून आईकडे वळल्या आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "पण इतकी दुखत असून पोरगी कुणाला काही बोलली नव्हती हो. घरी तरी कधी सांगायची का?"

मी कप खाली ठेवला. आता सांगायचं, असं मी ठरवलं. आईसमोर सांगायचं, तिला ऐकू दे. मी तोंड उघडलं.

आईनं डावा पाय लुगड्याच्या ओच्याखाली ओढून घेतला आणि माझ्याआधी बोलली. सावकाश, एकेक शब्द जपून, मॅडमना कळावं म्हणून.

"दुखायची, बाई. लय दुखायची. तुमी होता म्हणून बरं झालं."

मॅडमनी पुढं वाकून आईचा हात हातात घेतला. मग मला विचारलं, की आता काही त्रास नाही ना?

त्यालाही आईनंच उत्तर दिलं. "नाही," ती म्हणाली. "आता नाही दुखत."

उभ्या जन्मात आईच्या तोंडून मी नाही हा शब्द तेवढाच ऐकला. मी कप उचलून आत गेले आणि मोरीपाशी उभी राहिले. बाहेर जुलैचा पाऊस चालू होता, आणि पावसात आईचा तो तळवा इतका ठणकायचा की सकाळपासून तिला भिंत धरून चालावं लागत होतं.